बालोलच्या विहिरीत सगळं तेल जळून जातं का?

‘ओएनजीसी गुजरातेत जमिनीखालचं तेल पेटवून वाया घालवते’ हा समज जुना आहे. पेटवतात हे खरं. वाया जातं हे खोटं.

मेहसाण्याजवळच्या बालोल आणि सांथाळ क्षेत्रांतलं तेल जड आहे, पाण्याच्या शंभरपट आणि काही ठिकाणी त्याहूनही घट्ट. त्यामुळे नुसत्या पंपाने बहुतांश तेल वाळूच्या थरातच अडकून राहतं. अहमदाबादेतल्या ओएनजीसीच्या तेलसाठा अभ्यास संस्थेने थर पेटवून तेल काढण्याच्या पद्धतीवर काम केलं, १९९०मध्ये बालोलला चाचणी सुरू झाली आणि १९९७पासून व्यापारी वापर.

एका विहिरीत बर्नर सोडून थर पेटवतात, मग कॉम्प्रेसरने हवा दाबत राहतात. आगीचा पट्टा हळूहळू पुढे सरकतो. त्याच्या उष्णतेने पुढचं तेल पातळ होतं, वाफ आणि वायू ते उत्पादन विहिरींकडे ढकलतात. जळतो तो मुख्यतः वाळूला चिकटून राहिलेला कोळशासारखा गाळ, म्हणजे तेलाचा साधारण दहावा हिस्सा. मागे राहिलेली उष्णता पुढे नेण्यासाठी हवेबरोबर पाणीही सोडतात.

खरा धोका वेगळाच. हवा थरातल्या मोकळ्या वाटेने थेट उत्पादन विहिरीत पोचली तर तिथे ऑक्सिजन आणि तेलवायू एकत्र येतात, म्हणजे स्फोटाची तयारीच! म्हणून बाहेर पडणाऱ्या वायूतला ऑक्सिजन सतत मोजतात आणि तो वाढला की ती विहीर बंद करतात. कॉम्प्रेसर बंद पडणंही तितकंच वाईट: दाब घसरला की तेल उलटं हवेच्या विहिरीत शिरतं.