जुळलं म्हणजे ओळख पटली का?

विमानासकट बेपत्ता झालेली अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट हिचं काहीतरी सापडल्याची बातमी अधूनमधून येतच असते. कधी विमानाचा तुकडा, कधी हाडं, कधी सोनारवरची (आवाजाच्या लहरींनी समुद्रतळ टिपणाऱ्या यंत्रावरची) आकृती. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शीट मेटलच्या शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत तिच्यावर वाद रंगतो आणि दर वेळी तीच गल्लत होते. एखादी वस्तू जुळणं वेगळं आणि तिची ओळख पटणं वेगळं.

२ जुलै १९३७ ला अमेलिया आणि तिचा नेव्हिगेटर फ्रेड नूनन न्यू गिनीतल्या लाएहून पॅसिफिकमधल्या हाउलँड बेटाकडे निघाले, ते पोचलेच नाहीत. १९९१ मध्ये हाउलँडपासून साधारण ६५० किलोमीटरवरच्या निकुमारोरो बेटावर अ‍ॅल्युमिनियमचा एक पत्रा मिळाला. जेमतेम दोन फुटी, कडा फाटलेल्या, रिव्हेटच्या (पत्रे जोडायच्या खिळ्यांच्या) भोकांच्या रांगा. मायामीत तिच्या लॉकहीड इलेक्ट्रा विमानाची एक खिडकी पत्रा मारून बंद केली होती. हा तोच पत्रा, असा दावा झाला.

आमच्या लाइनचा माणूस आधी पत्र्याची जाडी बघेल, मग रिव्हेटचा व्यास, दोन भोकांमधला पिच म्हणजे अंतर, रांगा समांतर आहेत की पसरत गेल्यात. सगळं जुळलं तरी कळतं इतकंच की पत्रा अशा प्रकारच्या कामाचा आहे. त्या काळात कितीतरी अमेरिकन विमानांना त्याच ग्रेडचा पत्रा लागायचा, आणि महायुद्धात अशी विमानं पॅसिफिकभर पडली. पुढे हीच भोकं डग्लस सी-४७ या मालवाहू विमानाच्या पंखाशी जुळली. न जुळण्याला मात्र फार वजन आहे. जुळणाऱ्या दहा गोष्टींनी दावा सिद्ध होत नाही, पण एक रांग धडधडीत चुकीची निघाली तर तो पडतो.

हाडांचंही तेच. १९४० मध्ये त्याच बेटावर सापडलेली हाडं फिजीत डॉक्टर हूडलेस यांनी मोजली आणि पुरुषाची ठरवली. पुढे हाडं हरवली. २०१८ मध्ये त्याच मापांवरून ती अमेलियाशी चांगली जुळतात, असं मांडलं गेलं. हातात फक्त मापं. डीएनए कशाचा काढणार?

आता दुसरी बाजू. फ्रेंच लेखक-वैमानिक सँतेक्झुपेरी ३१ जुलै १९४४ ला कॉर्सिकाहून लॉकहीड कंपनीचं पी-३८ विमान घेऊन निघाला आणि बेपत्ता झाला. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेजवळ मच्छीमाराच्या जाळ्यात त्याचं नाव कोरलेलं ब्रेसलेट आलं, तरी अनेकांनी शंका घेतली. त्याच भागातल्या विमानाचे अवशेष २००३ मध्ये वर काढले, तेव्हा एका तुकड्यावर ठोकलेला नंबर मिळाला: २७३४ एल. लॉकहीडने तो त्याच्याच विमानाला दिला होता. २००४ मध्ये ओळख पक्की झाली. गाडी नावावर करताना चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासतात ती याचसाठी. मॉडेल आणि रंग हजारो गाड्यांचे सारखे असतात.

अर्थात विमान पडलं कसं, ते या नंबरानेही सांगितलं नाही.

२०२४ च्या सुरुवातीला गाजलेली ती सोनारवरची विमानासारखी आकृती वर्ष संपायच्या आत खडक निघाली. पुढची बातमी आली की आकार बघत बसू नका, नंबर वाचता आला का ते शोधा. अमेलियाच्या इलेक्ट्राचा कारखान्यातला नंबर १०५५ आणि नोंदणी एनआर १६०२०.