बिडाच्या पोटातली वाफ

रत्नागिरी घ्या नाहीतर मालवण, बाकाचे जुने बिडाचे पाय किंवा गेटवरचे ओतीव भाले पावडर कोटिंगला (रंगाची कोरडी पावडर मारून भट्टीत पिकवतात, ते) दिले आणि अंगभर बारीक भोकं घेऊन परत आले की सगळे म्हणणार, पावडर डुप्लिकेट होती. पावडर बिचारी बऱ्याचदा निर्दोष असते हो.

बीड काय नि ओतीव अ‍ॅल्युमिनियम काय, ओतकाम म्हटलं की आत सूक्ष्म पोकळ्या आल्याच, आणि त्यात हवा, तेल, पाणी. आता शाळेतलं गणित करा. हवा ३० अंशांवरून २०० अंश सेल्सिअसला गेली तर केल्विनमध्ये ३०३ चे ४७३, म्हणजे दीडपटीच्या जरा वर फुगते, बस. पण १ मिली पाण्याची त्याच तापमानाला वाफ होते २ लिटरच्या वर! भट्टीत पावडर आधी वितळून पसरते, मग तिचे रेणू एकमेकांत गुंततात आणि ती कायमची घट्ट होते. वाफ लवकर सुटली तर पातळ पावडर भोक बुजवून टाकते, पण जाड तुकड्याचं पोट सावकाश तापतं, वाफ उशिरा येते आणि घावनाला जाळी पडते तशी इथे पडते, फक्त इथे ती कुणाला नको असते.

म्हणून आधी ब्लास्टिंग करून, म्हणजे बारीक कणांचा जोरदार मारा करून, गंज काढायचा आणि मग तुकडा नुसताच भाजायचा, पावडर पिकवायच्या तापमानापेक्षा थोडा वरच, म्हणजे पावडर २०० ला पिकणार असेल तर २२० च्या आसपास, आणि हे तापमान धातूचं हवं, भट्टीच्या काट्यावरचं नाही. तेल असेल तर धूर निघतो, निघू दे. मग थंड करून लगेच पावडर मारायची, कारण जुलैच्या हवेत रात्रभर ठेवला तर बीड परत ओल धरणार. भोकांवर दुसरा कोट मारून काही होत नाही, त्यातली हवा परत वर येते. भट्टीला लिंबू-मिरची बांधूनही वाफ थांबत नाही, आणि 'लाइफटाइम गॅरंटी'च्या स्टिकरनेही नाही.

किनाऱ्यावरच्या वस्तूंचं अजून एक लफडं आहे, मीठ. ते भाजून जात नाही, वितळायलाच ८०१ अंश लागतात. पोकळीत राहिलं तर दमट हवेतलं पाणी ओढत बसतं आणि कोटिंगच्या खालून गंज सुरू, वरून सगळं चकाचक. तेव्हा भाजण्याआधी गोड्या पाण्याने, भरपूर, दोनदा धुवा.