माथा ज्याचा, रस्ता त्याचा

पावसाने उघडीप दिली की बेलापूरच्या पारसिक हिलवर जाऊन बघा. खाली महामार्ग, रेल्वेरूळ, इमारती, पलीकडे खाडी, सगळं एका नजरेत येतं. सपाटीवर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. शंभर मीटर उंचीवरून तेच सुमारे 36 किलोमीटरवर जातं. खालच्याला मात्र वर कोण दबा धरून बसलंय, याचा पत्ता लागत नाही.

1999 साली कारगिल युद्धात, लडाखमधल्या द्रासजवळ नेमकं हेच झालं. तोलोलिंग आणि टायगर हिल या माथ्यांवर बसलेल्या पाकिस्तानी सैनिकांना श्रीनगर-लेह महामार्ग उघडा दिसत होता. मागच्या तोफांना वायरलेसवरून गोळा कुठे पडला आणि आता कुठे टाकायचा, एवढं सांगणारा एक निरीक्षक तिथे पुरेसा होता.

ते माथे परत घ्यायचे, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा सरकारचा आदेश होता. म्हणजे पलीकडून वळसा घालून रसद तोडायची सोयच नव्हती. उरली फक्त कड्यांची चढण.

पाच हजार मीटरवर हवेचा दाब आपल्या खाडीकिनाऱ्यापेक्षा जवळजवळ निम्मा असतो. हवेत ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच, पण हवाच विरळ, त्यामुळे दर श्वासात तो निम्माच मिळतो. धाप लागते, छाती धडधडते. शरीराला सवय होऊ न देता घाईने वर गेलं तर फुप्फुसांत पाणी भरून जीवही जातो. अशा हवेत, रात्रीच्या अंधारात, पाठीवर दारूगोळा घेऊन आपले जवान वर गेले. तोफांचं कौतुक खूप झालं आणि ते रास्तच आहे, पण मला या चढणीचं मोल त्याहून मोठं वाटतं.

तोफांचंही गणित तिथे बदलतं. हवेची घनता साठ टक्क्यांवर येते, गोळ्याला होणारा विरोध घटतो आणि तो मैदानी हिशेबापेक्षा लांब जातो. मैदानात शंभर मीटर चुकलेला गोळा निदान शत्रूच्या आसपास तरी पडतो; अरुंद धारेवर मात्र तो माथा ओलांडून थेट पलीकडच्या दरीत जातो. म्हणूनच काही बोफोर्स तोफा पुढे आणून, डोळ्यांना दिसणाऱ्या माथ्यावर सरळ नेम धरून डागल्या गेल्या.

13 जूनला तोलोलिंग हाती आलं. आठवड्याभरात त्याच धारेवरचा पॉइंट 5140, म्हणजे 5140 मीटर उंचीचा माथा, घेतला आणि 4 जुलैला टायगर हिल. महामार्गावर रोखलेली नजर एकेक करून हटली.