निव्वळ खर्च वेगळा आणि पत्राच्या तळाशी उरलेली रक्कम वेगळी

अमेरिकेतील कॉलेजांची आर्थिक मदतीची पत्रे मार्च-एप्रिलमध्ये हाती पडू लागली की, कोणी किती दिले आणि आता पदरचे किती घालायचे, हाच हिशेब घरोघरी सुरू होतो. पत्राच्या तळाशी छापलेली उरलेली रक्कम म्हणजेच ‘नेट प्राइस’, अर्थात निव्वळ खर्च, असे बहुतेक पालक धरून चालतात आणि दरवर्षी तीच गल्लत नव्याने होते.

अनुदान व शिष्यवृत्ती परत करायची नसते आणि कर्ज व्याजासह फेडायचे असते, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे संघराज्य सरकारचे अनुदान), राज्याचे अनुदान आणि कॉलेजची स्वतःची शिष्यवृत्ती यांतील भेद निर्णयापुरते गौण आहेत. शिष्यवृत्ती चारही वर्षे मिळणार का आणि त्यासाठी किती गुण राखावे लागतील, एवढे विचारून घेतले की पुरे.

खरी मेख वजाबाकीत आहे. शिक्षणशुल्क, राहणे-जेवण, पुस्तके, प्रवास आणि किरकोळ खर्च धरून वर्षाचा जो एकूण खर्च होतो, त्यातून केवळ अनुदाने आणि शिष्यवृत्त्या वजा केल्यावर निव्वळ खर्च मिळतो. तळाची रक्कम काढताना मात्र अनेक कॉलेजे कर्जेही वजा करतात आणि वर्क-स्टडीची, म्हणजे शिकता शिकता करायच्या सरकारी मदतीच्या अर्धवेळ कामाची, संभाव्य कमाईही.

समजा, पहिल्या कॉलेजचा वर्षाचा खर्च 62,000 डॉलर आहे. पत्रात 36,000 डॉलरची शिष्यवृत्ती, विद्यार्थ्याच्या नावावर 5,500 डॉलरचे कर्ज, 2,500 डॉलरचे वर्क-स्टडी आणि 18,000 डॉलरचे पॅरेंट प्लस कर्ज (पालकांनी घ्यायचे संघराज्य सरकारचे कर्ज), अशी बेरीज मांडून तळाशी शून्य दाखवले आहे. दुसऱ्या कॉलेजचा खर्च 48,000 डॉलर, शिष्यवृत्ती 24,000, कर्ज 5,500 आणि तळाशी 18,500. पहिले फुकट पडले असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा निव्वळ खर्च 26,000 डॉलर आहे आणि दुसऱ्याचा 24,000. त्या शून्यातले 18,000 डॉलर तर पालकांनी अजून मागितलेलेही नसतात. ते कर्ज त्यांच्याच नावावर निघते आणि पत-तपासणीत अर्ज नामंजूरही होऊ शकतो. वर्क-स्टडीचे पैसे काम मिळाल्यावर आणि केल्यावर पगार म्हणून हाती येतात. सत्राच्या सुरुवातीचे बिल त्यांतून भरता येत नाही. (विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना संघराज्याची ही मदत मिळत नाही, पण त्यांच्या पत्रांनाही वजाबाकीचा हाच नियम लावावा.)

ही एखाददुसऱ्या कॉलेजची हलगर्जी नाही. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2022 च्या अंदाजानुसार 41 टक्के कॉलेजे पत्रात निव्वळ खर्च देतच नाहीत आणि 50 टक्के तो प्रत्यक्षाहून कमी दाखवतात. कर्ज वजा करणे ही एक युक्ती. पुस्तके-प्रवासासारखे खर्च मुळात धरायचेच नाहीत, ही दुसरी.

माझा सर्वाधिक राग मात्र कर्जाचे नाव लपवण्यावर आहे. ‘न्यू अमेरिका’ आणि ‘यूॲस्पायर’ या संस्थांनी 2018 मध्ये शेकडो कॉलेजांची पत्रे तपासली, तेव्हा अनसब्सिडाइज्ड, म्हणजे व्याजात सरकारी सवलत नसलेल्या, एकाच कर्जासाठी 136 वेगवेगळी नावे आढळली आणि त्यांतल्या 24 नावांत ‘लोन’ हा शब्दच नव्हता. ज्या कर्जावर रक्कम हाती पडल्यापासून व्याज चढते, ते शिष्यवृत्तीच्या पंगतीला बसवून त्याला ‘अवॉर्ड’ म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

शिक्षण खात्याने ‘कॉलेज फायनान्सिंग प्लॅन’ नावाचा नमुना तयार केला आहे. त्यात अनुदाने आणि कर्जे वेगवेगळ्या भागांत येतात आणि निव्वळ खर्च स्वतंत्रपणे मांडला जातो. पण सर्व कॉलेजांना तो बंधनकारक नाही. तो कायद्याने बंधनकारक करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर प्रत्येक पत्र हाती घेऊन कर्जे आणि वर्क-स्टडी खोडून टाकावीत, पुस्तके व प्रवासाचा खर्च धरलेला नसेल तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल करून वर्षाचा संपूर्ण आकडा लेखी मागवावा आणि त्यातून केवळ शिष्यवृत्त्या व अनुदाने वजा करून मगच दोन कॉलेजे शेजारी ठेवावीत. कोणते कर्ज किती घ्यायचे, हा त्यानंतरचा प्रश्न.