वाट फोडणं वेगळं, जमीन मोकळी करणं वेगळं

रणगाड्यापुढे साखळ्या गरगरताहेत, माती उडतेय, सुरुंग फुटताहेत, असा व्हिडिओ पाहिला की कुणीतरी विचारतंच: इतकं सोपं असेल, तर शेतजमिनी वर्षानुवर्षं बंद का राहतात? दोन निराळ्या कामांना आपण 'सुरुंग काढणं' हे एकच नाव देतो, तिथेच घोळ होतो.

पहिलं काम सैन्याचं, युद्धपटांमुळे सगळ्यांच्या ओळखीचं. गोळीबारात पलीकडे जायला वाट हवी असते. रॉकेटमागे स्फोटकांची लांब नळी फेकायची, ती उडवायची. साधारण १०० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद पट्टा मिळतो. त्यातही एखादा सुरुंग उरण्याचा धोका लष्कर पत्करतं. रणगाड्याचा नांगर तर सुरुंग बाजूला ढकलतो. सैन्याला ते पुरतं. शेतकऱ्यासाठी मात्र सुरुंग नुसता बांधाकडे सरकलेला असतो.

दुसरं काम त्या शेतकऱ्यासाठी. इथे 'बहुतेक निघाले' हे वाक्य मला सहनच होत नाही. हजारांतले ९९० काढले, तरी दहा उरतात, आणि ते दहा कुठे आहेत हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून इंच न् इंच जमीन ठरलेल्या खोलीपर्यंत तपासावी लागते, आणि ती खोली तिथे पुढे काय होणार यावरून ठरते: नुसती गुरं चरणार की नांगर चालणार. मेटल डिटेक्टर खिळ्यालाही वाजतो, काडतुसाच्या पुंगळीलाही; प्रत्येक वेळी गुडघ्यावर बसून, बाजूने माती हळूहळू खरवडत खात्री करायची. प्लास्टिकच्या सुरुंगात धातू नावालाच असतो. कंबोडियात प्रशिक्षित उंदीर वापरतात ते यासाठीच: ते स्फोटकाचा वास घेतात, भंगाराकडे ढुंकून पाहत नाहीत, आणि त्यांच्या वजनाने सुरुंग फुटत नाही.

साखळ्यांचं यंत्र इथेही येतं, पण झुडपं काढायला आणि जमीन भुसभुशीत करायला. त्याच्या माराने काही सुरुंग न फुटता नुसते तुटतात, म्हणून त्यामागून तपासणी हवीच. 'यंत्र फिरवलं, झालं' असं कुणी लिहिलं की मला राग येतो, कारण त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी त्या जमिनीत पाऊल टाकेल.

माणसासाठीचा सुरुंग आणि वाहनासाठीचा सुरुंग यांतला फरक मुख्यतः किती वजनाने फुटतो आणि आत किती स्फोटक असतं यात. १९९७ च्या ओटावा या आंतरराष्ट्रीय करारातली बंदी माणसासाठीच्या सुरुंगावर आहे.

शेवटचा टप्पा बातम्यांत क्वचितच येतो. तपासलेल्या जमिनीचे तुकडे दुसऱ्यांकडून पुन्हा तपासून घेतात, नकाशावर सीमा नोंदवतात, मग जमीन गावाच्या ताब्यात देतात. मोझांबिकमधली यादवी १९९२ साली थांबली. देश सुरुंगमुक्त जाहीर झाला २०१५ च्या सप्टेंबरमध्ये. अनेक ठिकाणी जमीन सोपवण्याच्या दिवशी सुरुंग काढणारी माणसंच आधी, गावकऱ्यांच्या देखत, तिच्यावरून चालत जातात.