ईआरजीआधी वीस मिनिटं अंधार कशासाठी?

हे पत्रक बाहेर बाकावर बसूनच वाचून घ्या. आतल्या खोलीत मोबाइल चालत नाही. स्क्रीनचा उजेड डोळ्यांवर पडला तर आम्हाला वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) फोटो किंवा ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) काढली की पडदा दिसतो कसा ते कळतं. तो काम कसं करतो, ते ईआरजी सांगते. दिवा लखकन चमकवायचा आणि पडद्यात उठलेला विजेचा बारीकसा झटका डोळ्याला लावलेल्या तारेने टिपायचा, एवढीच ही तपासणी. डोळ्यात वीज सोडत नाही. हा प्रश्न रोज येतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता अंधाराचं. मंद उजेडात पाहण्याचं काम पडद्यातल्या दंडपेशींचं. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि उन्हातून आलात की ते बरंचसं उडालेलं असतं. त्यातला अ जीवनसत्त्वापासून बनलेला भाग पडद्यामागचा काळा थर दुरुस्त करतो आणि दंडपेशींना परत देतो. ही दुरुस्ती सावकाश होते, म्हणून वीस मिनिटं. जगभर ईआरजीसाठी हाच नियम पाळतात, आमचा हट्ट नाही.

‘बरं झालं, तेवढाच डोळ्यांना आराम,’ असं आत बसलेले पुष्कळजण म्हणतात. आराम तुम्हाला मिळतो, पडद्याला नाही. अंधारात दंडपेशी ग्लुटामेट नावाचं रसायन एकसारखं सोडत राहतात आणि उजेड पडला की हात आखडता घेतात. ऐकायला उफराटं वाटेल, पण आपला पडदा असाच चालतो, आणि त्याला प्राणवायूही अंधारातच जास्त लागतो.

दंडपेशींच्या पुढच्या बायपोलर पेशी या ग्लुटामेटवर नजर ठेवून असतात. ते आहे तोवर त्या गप्प. ते ओसरलं की जाग्या होतात. आलेखावर हे सरळ दिसतं. दिवा चमकताच रेघ आधी खाली जाते. ती ए-लहर, दंडपेशी आणि शंकूपेशींची (भरपूर उजेडात आणि रंग पाहणाऱ्या पेशींची). मग रेघ उसळून वर चढते आणि सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात टोक गाठते. ती बी-लहर, मुख्यतः बायपोलर पेशींची. म्हणजे बी-लहर हा ग्लुटामेट नाहीसं झाल्याचा पुरावा.

पण सोडणं थांबलं म्हणजे आधी सोडलेलं गेलं, असं होत नाही. ते उचलावं लागतं, तेही चटकन; नाहीतर दिवा लागल्याचं बायपोलर पेशीला कळणारच नाही. पहिला हात खुद्द दंडपेशीच मारतात: आपल्या टोकाशी सांडलेलं बरंचसं ग्लुटामेट पुन्हा आत ओढतात. उरलंसुरलं म्युलर पेशी उचलतात. हाइनरिश म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने 1851 मध्ये त्यांचं वर्णन केलं. पडद्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत उभ्या पसरलेल्या या पेशी स्वतः पाहत नाहीत, पण त्यांच्याशिवाय पाहणाऱ्यांचं चालत नाही.

म्युलर पेशीच्या आत ग्लुटामेटला अमोनिया जोडून त्याचं ग्लुटामाइन बनतं. नुसतं ग्लुटामेट बाहेर सोडलं तर वाटेतल्या पेशी नाहक चेततील. ग्लुटामाइन कुणाला चेतवत नाही. सील लावून टोपी घातलेला गॅस सिलिंडर जसा जिन्यातून निर्धास्त नेता येतो, तसा हा माल चेतापेशींकडे पोचतो. तिथे त्याचं पुन्हा ग्लुटामेट होतं आणि चक्र चालू राहतं.

हे जोडकाम करणारं विकर (एन्झाइम) पडद्यात फक्त म्युलर पेशींत असतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या डोळ्यात औषध टोचून ते बंद पाडलं, तर काही मिनिटांतच बी-लहर खचली. साठ्यावर दिवस काढण्याची सोय पडद्यात जवळपास नाहीच.

ग्लुटामेट आत ओढायला सोडियमचा दाब लागतो आणि तो टिकवायला ऊर्जा. पडद्याची मुख्य रक्तवाहिनी तुंबली की आतल्या थरांची ऊर्जा संपते, ग्लुटामेट बाहेर साचतं आणि पेशींच्याच जिवावर उठतं. दंडपेशींना मात्र मागच्या बाजूने वेगळा रक्तपुरवठा असतो. म्हणून अशा रुग्णात ए-लहर शाबूत आणि बी-लहर खुजी, असा आलेख येतो. काही जन्मजात आजारांतही तो असाच दिसतो. कारण कोणतं, ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. आमच्या टेक्निशियनला ‘काय निघालं?’ विचारू नका, तो सांगणार नाही.

फिट्ससाठी व्हिगाबॅट्रिन घेणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे नीट वाचावं. पडद्यात गाबा नावाचं आणखी एक रसायन असतं. तेही पेशी उचलतात आणि एका विकराच्या मदतीने मोडतात. व्हिगाबॅट्रिन नेमकं तेच विकर रोखतं. मेंदूत गाबा वाढतं आणि फिट्स आवरतात, पण ते पडद्यातही वाढतं. हे औषध घेणाऱ्या काहींची कडेची नजर कायमची कमी होते, म्हणून डॉक्टर मधूनमधून ईआरजी सांगतात. धास्तावून औषध स्वतःहून बंद करू नका. फिट्सच्या डॉक्टरांशीच बोला.

काउंटरवर ग्लुटामाइनची पावडर मागणारेही येतात. आम्ही ती ठेवत नाही. पडदा आपलं ग्लुटामाइन स्वतः बनवतो; पावडर खाऊन त्याचं काम सुधारतं असं मानायला आधार नाही. उलट दुसरी भीती अजिनोमोटोची, कारण तेही ग्लुटामेटच. 1957 साली उंदरांच्या तान्ह्या पिल्लांना ग्लुटामेटची इंजेक्शनं दिल्यावर त्यांच्या पडद्याचे आतले थर नष्ट झाले होते, हे खरं. पण ती इंजेक्शनं होती, मोठ्या मात्रेची. जेवणातलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात. चायनीजच्या गाडीवर जायचं की नाही, याचा निकाल ईआरजीवरून लावू नका.

येताना डॉक्टरांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी आणा. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा, काजळ घालू नका. पडद्याचे फोटो किंवा अँजिओग्राफी त्याच दिवशी असेल तर आधी ईआरजी, मग ते; फ्लॅशने सगळा अंधार वाया जातो. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास जवळचं अंधुक दिसतं आणि ऊन सोसत नाही. दुचाकी घेऊन एकटे येऊ नका, सोबत कुणीतरी असू द्या.