पोरींचा वर्ल्डकप नेरूळला आला कसा, आणि त्याआधी काय काय झालं

३० ऑक्टोबर २०२२ ला नवी मुंबईतल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल वर्ल्डकपची फायनल झाली, स्पेन विरुद्ध कोलंबिया, आणि ८२ व्या मिनिटाला कोलंबियाचा एक ओन गोल झाला, म्हणजे बॉल आपल्याच जाळ्यात, त्यावर स्पेनने १-० ने कप नेला. आयपीएलच्या मॅचेससाठी सगळ्यांना माहीत असलेल्या त्या ग्राउंडवर फिफाचा वर्ल्डकप उचलला गेला हे आपल्यातल्या कितीतरी जणांना आजही ठाऊक नाही. त्या आठवड्यात पेपरात बघाल तर मेलबर्नचा भारत-पाकिस्तान टी-ट्वेंटी आणि कोहली, बाकी सगळं आतल्या पानावर, आणि त्यात परत दिवाळी.

पण हा कप इथपर्यंत आला कसा, त्याची गोष्ट कपापेक्षा लांबलचक आहे. ती सुरू करायला थोडं मागे जावं लागेल, कारण मुलींचं फुटबॉल आपल्याकडे २०२२ ला अचानक उगवलं असं अजिबात नाही.

१९७५ मध्ये महिला फुटबॉलची वेगळी फेडरेशन भारतात स्थापन झाली. तेव्हा पुरुषांच्या फुटबॉल संघटना, आपल्याकडच्याच नाही तर जगभरातल्या बऱ्याच, बायकांच्या फुटबॉलकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. आशियातल्या बायकांची संघटना मात्र १९६८ पासूनच होती आणि तिने १९७५ ला हाँगकाँगमध्ये पहिली आशियाई स्पर्धा घेऊनही टाकली, फिफाचा महिला वर्ल्डकप यायला तेव्हा अजून सोळा वर्षं होती. १९८० च्या जानेवारीत ही स्पर्धा केरळात कोळिकोडला झाली आणि भारत उपविजेता ठरला, फायनलला तैवानकडून हरलो, मग १९८३ ला थायलंडमध्ये परत उपविजेता. म्हणजे त्या काळात आपण आशियात दुसरे होतो! गोव्याची खेळाडू योलांडा डिसोझा त्याच पिढीतली. त्यानंतर नव्वदच्या दशकात महिला फुटबॉल एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, ताब्यात गेलं, तिकडे चीन, जपान, कोरिया यांनी पद्धतशीर पैसा आणि कोच लावले, आणि आपण जिथे होतो तिथेच राहिलो, मग हळूहळू तिथेही राहिलो नाही.

आता गंमत बघा. आशियात मुलींची ज्युनियर स्पर्धा, म्हणजे १९ वर्षांखालची, पहिल्यांदा झाली ती २००२ च्या एप्रिलमध्ये, आणि झाली गोव्यात. हो, गोव्यातच. फिफाने त्याच वर्षी कॅनडात १९ वर्षांखालच्या मुलींचा पहिला वर्ल्डकप ठरवला होता, तिथे आशियातून दोन टीम पाठवायच्या होत्या, त्या निवडायला ही स्पर्धा काढली आणि यजमानपद भारताला मिळालं. फायनलला जपानने तैवानला २-१ ने हरवलं आणि त्या दोघी कॅनडाला गेल्या. चीन गेलाच नाही, जो चीन १९९९ च्या सीनियर वर्ल्डकपची फायनल अमेरिकेशी पेनल्टीपर्यंत खेळला होता. आज त्या गोव्याच्या स्पर्धेचा कुठे उल्लेखसुद्धा सापडत नाही, गोवेकरांनाही विचारून बघा. हीच स्पर्धा पुढे २० वर्षांखालचा आशिया कप झाली, आणि भारत तिच्यात शेवटचा खेळला २००६ ला, त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं दरवाजा बंद.

या वीस वर्षांत बाकीच्या आशियाने काय केलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १७ वर्षांखालचा मुलींचा वर्ल्डकप २००८ ला न्यूझीलंडमध्ये सुरू झाला. पहिला कप उत्तर कोरियाचा. २०१० ला दक्षिण कोरिया, फायनलला समोर जपान. २०१२ ला फ्रान्सने नेला पण फायनलला उत्तर कोरियाच होती आणि पेनल्टीवर गेली. २०१४ ला जपान. २०१६ ला परत उत्तर कोरिया, परत जपानविरुद्ध. पाचातले चार कप आशियाचे! सीनियर लेव्हलला युरोप-अमेरिका, पण या वयात जगात सगळ्यात भारी मुली आशियाच्या, आणि अजूनही परिस्थिती फार बदललेली नाही, २०२४ आणि २०२५ चे दोन्ही कप उत्तर कोरियानेच नेलेत. तेव्हा आशियातून क्वालिफाय होणं सोपं असेल असं कुणाला वाटत असेल तर विसरा. आशियाला तीन जागा, त्या जपान-कोरिया-कोरिया-चीन यांच्यातच वाटल्या जायच्या, आणि आपण पहिल्या-दुसऱ्या राउंडला घरी.

म्हणून भारताला वर्ल्डकपला जायचा एकच रस्ता उरला होता, वर्ल्डकपलाच घरी बोलवायचं.

तसं मुलांच्या बाबतीत झालं होतं. २०१७ ला १७ वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप भारतात झाला, नवी मुंबई, गोवा, दिल्ली, कोची, गुवाहाटी, कोलकाता, आणि साडेतेरा लाखांच्या आसपास लोक स्टेडियममध्ये येऊन गेले, त्या वयोगटातला रेकॉर्ड. फिफा खूश. मग मार्च २०१९ ला मायामीच्या मीटिंगमध्ये मुलींचा २०२० चा कपही भारताला देऊन टाकला. तारीख ठरली २ ते २१ नोव्हेंबर २०२०, गावं ठरली अहमदाबाद, भुवनेश्वर, गुवाहाटी, कोलकाता, नवी मुंबई. थॉमस डेनर्बी हा स्वीडनचा कोच आणला, साधासुधा माणूस नाही, २०११ च्या सीनियर वर्ल्डकपला स्वीडन तिसरी आली ती याच्याच हाताखाली. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत स्वीडन आणि थायलंडच्या मुलींना बोलवून एक छोटी स्पर्धाही खेळवली.

आणि मग आला कोविड. कप पुढे ढकलला, फेब्रुवारी-मार्च २०२१. मग नोव्हेंबर २०२० ला तोही रद्द, आणि फिफाने सांगितलं की २०२२ चा तुम्हालाच देतो. वरवर बघितलं तर काय फरक पडला, दोन वर्षांनी का होईना मिळाला ना. पण एज ग्रुपच्या स्पर्धेत दोन वर्षं म्हणजे सगळंच. २०२० च्या कपाला १ जानेवारी २००३ नंतर जन्मलेल्या मुली चालत होत्या, २०२२ च्या कपाला १ जानेवारी २००५ नंतरच्या. म्हणजे २००३ आणि २००४ साली जन्मलेली प्रत्येक मुलगी, जी त्या कॅम्पमध्ये होती, जिने डेनर्बीकडे ट्रेनिंग केलं, मुंबईत स्वीडनविरुद्ध खेळली, ती एका प्रेस रिलीजमध्ये बाद झाली. ना इंजुरी, ना फॉर्म गेला, फक्त वय झालं. लॉकडाऊनमध्ये गावी जाऊन अंगणात, शेताच्या बांधावर बॉल मारत बसलेल्या या पोरी, आणि तो कप त्यांचा कधी झालाच नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठं नुकसान हेच, आणि त्यावर सगळ्यात कमी लिहिलं गेलंय.

मग २०२२ उजाडलं. जानेवारीत सीनियर बायकांचा आशिया कप महाराष्ट्रातच होता, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात बालेवाडीला, त्यात भारताच्या कॅम्पमध्ये इतका कोविड पसरला की तैवानविरुद्ध उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि टीम स्पर्धेतून बाहेर. यजमान आणि इराणशी ०-० अशी एकच मॅच खेळून बाहेर, काय बोलणार. मग जूनच्या शेवटी ज्युनियर टीम युरोपात असताना एका सहायक कोचवर गैरवर्तनाचा आरोप झाला, लैंगिक स्वरूपाचा, त्याला तिथूनच परत बोलवून काढून टाकलं. सतरा वर्षांखालच्या मुली, परदेशात, वर्ल्डकप तीन महिन्यांवर, आणि हे.

तरी खरा राडा अजून बाकी होता. एआयएफएफचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल, आपल्या गोंदियाचे, त्यांची मुदत डिसेंबर २०२० ला संपली होती पण निवडणूकच होत नव्हती, फेडरेशनच्या घटनेचा, म्हणजे नियमावलीचा, वाद कोर्टात अडकलेला. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना बाजूला करून तीन जणांची प्रशासक समिती बसवली. या समितीच्या नव्या घटनेत माजी खेळाडूंना ३६ मतं, म्हणजे राज्य संघटनांच्या बरोबरीने, असं काहीतरी होतं. ऐकायला छान वाटतं, पण फिफाचा नियम सरळ आहे की फेडरेशन बाहेरच्या कुणी चालवायची नाही, कोर्टानेही नाही. १५ ऑगस्टला, मुहूर्त बघा, आपल्या स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीच्या दिवशी, झुरिकहून, फिफाच्या मुख्यालयातून, निर्णय आला की भारत सस्पेंड. वर्ल्डकप ठरल्याप्रमाणे भारतात होऊ शकत नाही. गोकुळम केरळा क्लबच्या पोरी तर महिला क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या, त्यांना एकही मॅच न खेळता परत यावं लागलं.

त्यानंतरचे दहा-अकरा दिवस सगळी सूत्रं वकिलांच्या हातात. सरकार कोर्टात गेलं, २२ ऑगस्टला कोर्टाने समिती बरखास्त केली, २६ ला बंदी उठली, २ सप्टेंबरला निवडणूक झाली. अध्यक्षपदाला माजी गोलकीपर कल्याण चौबे ३३ मतं, बायचुंग भुतिया १. भारतीय फुटबॉलमधलं सगळ्यात मोठं नाव आणि एक मत! माजी खेळाडूंना मतं द्यायची की नाही यावर एवढं रामायण झालं होतं, त्याचा शेवट हा.

११ ऑक्टोबरला कप सुरू झाला तेव्हा पाच गावांची तीन झाली होती, भुवनेश्वर, मडगाव, नवी मुंबई. भारताच्या तिन्ही मॅच भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर, त्यामुळे महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांनी स्पर्धा बघितली खरी पण भारताला नाही. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. सोळा खाल्ले, मारला एकही नाही. यावरून सोशल मीडियावर जे काही लिहिलं गेलं ते वाचवत नव्हतं. मोरोक्कोचीही ही पहिलीच वेळ होती, पण फरक असा की मोरोक्को खेळून आली होती, आफ्रिकेतून क्वालिफाय होऊन, आणि आपण घर आपलं म्हणून. टांझानियाही पहिल्यांदाच आलेली, तिने मडगावात फ्रान्सला २-१ ने हरवून थेट क्वार्टर फायनल गाठली.

कॅप्टन होती अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या गोर्राटोलीची. कपाच्या आधी प्रशासनाला जाग आली की कॅप्टनच्या घरापर्यंत रस्ताच नाही, मॅच बघायला घरात टीव्ही नाही. टीव्ही बसवला, रस्त्याचं काम काढलं, आणि त्या रस्त्यावर मजुरी करत होते तिचेच आईवडील, दिवसाला २५० रुपये. ही बातमी तेव्हा बऱ्याच ठिकाणी ‘प्रेरणादायी’ म्हणून छापून आली, मला त्यात प्रेरणादायी काय ते अजून कळलेलं नाही. टीममध्ये अर्धा डझन पोरी झारखंडच्या होत्या, बाकी मणिपूर, हरियाणा अशा, आणि पुण्याची काजोल डिसोझाही होती.

इकडे मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर दोन्ही सेमीफायनल झाल्या आणि गोव्यातल्या फुटबॉलवेड्या लोकांनी त्या बघितल्या. कोलंबियाने नायजेरियाला पेनल्टीवर ६-५ ने काढलं, कोलंबियाची कुठलीही टीम, पुरुष धरून, फिफाच्या फायनलला जायची ती पहिलीच वेळ. तिच्यात लिंडा कायसेडो होती आणि स्पेनकडे विकी लोपेझ, जपान क्वार्टर फायनलला १-० पुढे असताना हिने शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल मारून मॅच फिरवली होती, तीही मडगावलाच. आज एक रियाल माद्रिदला, दुसरी बार्सिलोनाला. ज्यांनी त्या ऑक्टोबरमध्ये नेरूळ स्टेशनवर उतरून जाऊन त्यांना बघितलं ते खरंच नशीबवान.

कप संपला, डेनर्बी गेले, आणि वाटलं की झालं, परत वीस वर्षं काही नाही. पण १० ऑगस्ट २०२५ ला यांगूनमध्ये २० वर्षांखालच्या मुलींनी यजमान म्यानमारला १-० ने हरवलं आणि २०२६ च्या आशिया कपचं तिकीट काढलं, तीच स्पर्धा जी गोव्यात सुरू झाली होती. कोच जोआकिम अलेक्झांडरसन, हाही स्वीडनचाच. त्याच्याच हाताखाली ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालच्या मुली किर्गिझस्तानात बिश्केकला आशिया कपच्या क्वालिफायरमध्ये उझबेकिस्तानविरुद्ध ०-१ ने मागे पडल्या, ड्रॉ केला असता तरी चाललं असतं, पण सेकंड हाफमध्ये दोन गोल मारून २-१ ने जिंकल्या. या वयोगटाच्या आशिया कपला भारत २००५ ला एकदा खेळला होता, पण तेव्हा क्वालिफायर्सच नव्हते, त्यामुळे खेळून तिथे पोचलेली ही भारताची पहिलीच टीम.